रोबस्टो, चर्चिल की साठ रिंगची जाडजूड: सिगारचा आकार बदलला की चव, जोर आणि पैशाचं काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापासून सिगारची गोडी लागली आहे. तुमच्या आवडीच्या ब्रँडची एकच मालिका रोबस्टो, चर्चिल आणि साठ रिंगच्या गोर्डो आकारात मिळते. फोर्टमधला दुकानदार सांगतो, "मोठी घ्या, पैसे वसूल होतात." मित्र सांगतो, मोठी म्हणजे कडक. यात खरं काय, आणि पार्ल्यात टू-बीएचकेमध्ये राहणाऱ्या नोकरदार माणसाने कोणता आकार घ्यावा?

दक्षिण मुंबईत सिगारच्या काउंटरवर, आणि पुढे एका हॉटेलच्या ह्युमिडॉरची (सिगारचा ओलावा राखणाऱ्या कपाटाची) देखभाल करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक रोज समोर असायचं. दुकानदार अर्धा बरोबर आहे. तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र मला पटत नाही. कारण सांगतो, पण त्याआधी मापं नीट समजून घेऊ. त्यांच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील.

रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंगची सिगार म्हणजे ५०/६४ इंच व्यास, साधारण २० मिलिमीटर. ४२ रिंग म्हणजे १६.७ मिलिमीटर, ३८ म्हणजे १५, आणि ६० म्हणजे जवळपास २४. क्युबन मापांत पेटी (म्हणजे छोटी) कोरोना १२९ मिलिमीटर लांब आणि ४२ रिंगची, रोबस्टो १२४ बाय ५०, चर्चिल १७८ बाय ४७, लान्सेरो १९२ बाय ३८. गोर्डो हा मुख्यतः निकाराग्वा, होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिककडचा प्रकार, सहा इंच बाय ६०.

आकडे वाचून फरक डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आकारमान काढून बघा. पेटी कोरोनात साधारण २८ घन सेंटिमीटर तंबाखू बसते. लान्सेरोत ३४, रोबस्टोत ३८, चर्चिलमध्ये ४९ आणि गोर्डोत तब्बल ६८. दिसायला ऐटबाज, लांबलचक लान्सेरो ही बुटक्या रोबस्टोपेक्षा तंबाखूने कमी भरते. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवल्या तर दहातले नऊ जण उलट सांगतील. व्यास वाढला की आतली जागा वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे रिंगचा दहाचा फरक लांबीच्या एका इंचापेक्षा जास्त असतो.

आता चव. सिगारचे तीन थर असतात: बाहेरचं एक नितळ रॅपरचं पान, त्याखाली बांधून ठेवणारा बाइंडर, आणि पोटात फिलर. रॅपर वजनाने अगदी कमी, पण चवीत त्याचा वाटा वजनाच्या मानाने फार मोठा, कारण ते सगळ्यांत निवडक, सगळ्यांत काळजीने मुरवलेलं पान असतं. शिवाय ओठाला आणि जिभेला तेच थेट लागतं. जाडी वाढते तशी रॅपरची जागा घेराच्या प्रमाणात वाढते आणि फिलर मात्र वर्गाच्या प्रमाणात. मोदक मोठा केला की सारण वाढतं पण पारी तेवढीच पातळ राहते, तसंच हे. हिशेब केला तर ६० रिंगच्या सिगारमध्ये फिलरच्या मानाने रॅपर ३८ रिंगपेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी पडतं. म्हणून ज्या मालिकेचं वैशिष्ट्य रॅपरमध्येच आहे, उदाहरणार्थ मेक्सिकोच्या सान आंद्रेसचं काळं माडुरो पान किंवा इक्वेडोरमध्ये पिकवलेलं हबानो जातीचं पान, तिथे बारीक सिगार घ्या. कोको, काळी मिरी, गुळाचा काळसर गोडवा, हे सगळं ४२-४४ रिंगमध्ये जितकं स्पष्ट लागतं तितकं साठ रिंगमध्ये लागत नाही. उलट जिची मजा फिलरच्या मिश्रणात आहे, चारपाच जागची पानं एकत्र जमवण्यात आहे, तिला ५० ते ५४ रिंगची जागा मिळाली तर ती खुलते. बारीक सिगारच्या पोटात तेवढी वेगवेगळी पानं मावतच नाहीत.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ब्रँडच्या एकाच कागदी पट्टीखाली विकल्या जाणाऱ्या सगळ्या आकारांत मिश्रण तंतोतंत तेच असेल असं नाही. मिश्रण ठरवणारा कारागीर आकारागणिक प्रमाण बदलतो, कधी जुळवून घेण्यासाठी, कधी मुद्दाम वेगळेपणासाठी. क्युबाच्या जुन्या ब्रँडांत तर हा फरक उघडच जाणवतो. मोंतेक्रिस्तो नंबर ४ ही पेटी कोरोना आणि नंबर २ ही १५६ बाय ५२ ची निमुळत्या टोकाची पिरॅमिड, या दोन्ही सलग दोन आठवड्यांत ओढून बघा. नाव एक, पण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे "मला अमुक ब्रँड आवडत नाही" असं एकाच आकारावरून ठरवणाऱ्यांना मी नेहमी थांबवायचो.

जोराच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. जोर म्हणजे निकोटिनचा धक्का: डोकं हलकं होणं, घाम, पोटात ढवळणं. भरदार चव ही वेगळी गोष्ट. भरदार चवीची सिगार जोराने मध्यम असू शकते, आणि चवीला साधी दिसणारी सिगार अर्ध्यावर तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवू शकते. जोर येतो पानाच्या जागेवरून. झाडाच्या खालच्या भागातली व्होलाडो पानं चांगली जळतात पण जोर कमी, मधली सेको सुगंधाची, आणि वरची, उन्हात न्हालेली लिगेरो जाड, तेलकट, सावकाश जळणारी आणि कडक. लिगेरो नेहमी मध्यभागी ठेवतात, कारण ती कडेला आली तर सिगार एका बाजूने जळत जाते. बारीक सिगारमध्ये मध्यभागच लहान, म्हणून लिगेरो फार घालता येत नाही, नाहीतर ती विझत राहते. जाड सिगारमध्ये जागा असते, पण जागा आहे म्हणून ती भरलीच असते असं नाही. कित्येक साठ रिंगच्या सिगारमध्ये जास्तीची जागा सौम्य पानांनीच भरलेली असते, जळण नीट राहावं म्हणून.

म्हणजे मित्राला असं सांगा: झुरक्यागणिक बघितलं तर गोर्डो बहुतेक वेळा रोबस्टोपेक्षा सौम्य लागते. निखारा मोठा, धूर भरपूर पण थंड, रॅपरची धार बोथट झालेली. पण संपूर्ण सिगार ओढल्यावर शरीरात गेलेलं निकोटिन जास्त असणार, कारण तंबाखूच जवळजवळ पावणेदोन पट जळली. कडक लागणं आणि एकूण मात्रा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की वाद मिटतो. उपाशीपोटी कुठलाच आकार पेटवू नका. ढवळलंच तर साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाका, बरं वाटतं.

मात्रेचा विषय निघालाच आहे तर हेही सरळ सांगतो, कारण काउंटरवर ते कोणी सांगत नाही. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. पेटी कोरोनात आठेक ग्रॅम, रोबस्टोत अकरा-बारा. म्हणजे एक रोबस्टो वजनात सिगारेटच्या पाकिटाच्या आसपास जाते. "आम्ही धूर आत घेत नाही" हे कारण पुरेसं नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका धूर गिळला नाही तरी राहतोच. परळला टाटा रुग्णालय असलेल्या शहरात राहून हे लपवणं मला जमत नाही. मोठा आकार म्हणजे मोठी मात्रा, हे निवडताना मोजायला हवं. महिन्याला दोन ओढणाऱ्याने तीन करू नयेत, आणि न ओढणाऱ्याने माझं हे उत्तर वाचून सुरुवात करू नये.

लांबीचं काम वेगळं. निखाऱ्यापासून तोंडापर्यंत धूर जितक्या तंबाखूतून येतो तितका तो गाळला जातो आणि थंड होतो. म्हणून चर्चिलचा पहिला तृतीयांश सौम्य, कधी कधी जरा पुळचट वाटतो. खरी चव मधल्या टप्प्यात येते. रोबस्टोत धुराची वाट लहान, त्यामुळे ती पहिल्या पाच मिनिटांतच आपला स्वभाव दाखवते. दुसऱ्या बाजूने, गाळलेलं सगळं, तेल, डांबर, ओल, उरलेल्या भागात साचत जातं. चर्चिलच्या शेवटच्या तृतीयांशात हा साठा रोबस्टोपेक्षा जास्त झालेला असतो, म्हणून घाई केली तर ती कडू होते. मिनिटाला एक झुरका, फार तर दोन मिनिटांनी, ही गती पाळली तर पेटी कोरोना अर्धा-पाऊण तास, रोबस्टो पाऊण ते एक तास आणि चर्चिल सव्वा ते दीड तास चालते. गोर्डोला दीड तासाहून जास्त धरा.

चर्चिल आकाराचं नाव विन्स्टन चर्चिल यांच्यावरून पडलं, ते १९४६ मध्ये हवानाला गेले होते. त्या काळातल्या माणसांकडे जेवणानंतर दीड तास होता. आपल्याकडे तो आहे का, हा प्रश्न मी पुढे पैशांच्या हिशेबात आणणार आहे.

त्याआधी लान्सेरोबद्दल, कारण माझ्या मते चवीच्या दृष्टीने हा सगळ्यांत मोलाचा आकार आहे आणि मुंबईत सगळ्यांत कमी विकला जातो. १९६६ साली सुरू झालेल्या कोहिबा या क्युबन ब्रँडची ओळख मुळात याच आकाराने झाली. फिदेल कास्त्रोंसाठी वळली जाणारी ही सिगार, जी सामान्य बाजारात १९८२ मध्ये आली. इतकी बारीक आणि लांब सिगार वळताना पानं जराशी जास्त दाबली गेली तर धूरच येत नाही, म्हणून ती अनुभवी कारागिरांच्या हाती देतात. तंबाखू रोबस्टोपेक्षा कमी असूनही किंमत जास्त असते ती या हातांची. ज्याला रॅपर समजून घ्यायचंय त्याने वर्षातून एकदा तरी चांगली लान्सेरो ओढावी. पण तिला हळू ओढायचा संयम हवा, सलग दोन झुरके घेतले की ती तापते आणि सगळी नाजूकता जळून जाते. नवख्याला मी ती दिली नाही कधी.

टॉर्पेडो आणि पिरॅमिडचं सांगायचं तर टोक निमुळतं असल्याने धूर जिभेच्या एकाच भागावर एकवटतो, आणि कापताना कमीजास्त कापून ओढ घट्ट किंवा सैल करता येते. बाकी हिशेब रोबस्टोचा किंवा तिच्याहून लांब असलेल्या टोरोचाच.

आता पैसे. दुकानदाराचं म्हणणं तपासण्यासाठी एक उदाहरण मांडतो, दर मी सोयीसाठी धरलेत. समजा पेटी कोरोना १,८०० रुपये, रोबस्टो २,३०० आणि चर्चिल २,७००. तंबाखूच्या हिशेबाने दर घन सेंटिमीटरला अनुक्रमे सुमारे ६४, ६० आणि ५५ रुपये पडतात. म्हणजे मोठी स्वस्त, दुकानदार बरोबर. त्यात आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे: शेवटचे तीन-साडेतीन सेंटिमीटर कोणीच ओढत नाही. हा तुकडा प्रत्येक आकारात साधारण तेवढाच. रोबस्टोच्या लांबीतला २८ टक्के भाग त्यात जातो, चर्चिलचा फक्त २० टक्के. नव्वद मिलिमीटरच्या हाफ कोरोनात तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त, म्हणून छोट्या सिगार वाटतात तेवढ्या स्वस्त नसतात.

पण हे गणित चर्चिल संपवली तर. हॉटेलच्या ॲशट्रेमध्ये मी रोज काय बघायचो? आठ-आठ सेंटिमीटर उरलेल्या चर्चिल आणि अर्ध्यावर विझलेल्या गोर्डो. आठ सेंटिमीटर ठेवून दिलेल्या चर्चिलमध्ये प्रत्यक्ष जळलेली तंबाखू ही पूर्ण ओढलेल्या रोबस्टोपेक्षाही किंचित कमी भरते. आणि तिच्यासाठी ४०० रुपये जास्त मोजलेले असतात, वर तिच्या सुरेख मधल्या भागाचाही काही हिस्सा ॲशट्रेत. विझलेली सिगार दुसऱ्या दिवशी पेटवून पैसे वाचवण्याचा प्रयत्न करू नका. रात्रभरात तिच्यात जो शिळा, राखेचा वास बसतो तो जात नाही.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो वेळेचा आणि जागेचा. मुंबईत या दोन्ही गोष्टी महाग आहेत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. मोठ्या हॉटेलांत वेगळी खोली असते, तिथे बसण्याचा खर्च सिगारच्या जोडीने वाढतो. घरी ओढायची तर बाल्कनीतून धूर वरच्या मजल्यावर जातो, घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर विषयच संपला. पार्ल्याहून रोज फोर्टला लोकलने येऊन-जाऊन करणाऱ्या माणसाला आठवड्याच्या मधल्या दिवशी दीड तास निवांत मिळत नाही. पाऊण तास मिळतो. तो पेटी कोरोनाचा किंवा रोबस्टोचा वेळ आहे.

एका ठिकाणी मात्र मोठ्या आकाराचा फायदा निर्विवाद आहे. परदेशातून येताना प्रवाशाला २५ सिगार करमुक्त आणता येतात. मोजणी नगावर आहे, आकारावर नाही. विमानतळावरून आणायच्याच असतील तर पंचवीस पेटी कोरोना आणण्यात अर्थ नाही. रोबस्टो, टोरो, चर्चिल आणा. इथल्या दुकानात आयात शुल्क आणि जीएसटी धरून जी किंमत पडते तिच्याशी तुलना केली की फरक कळेल. छोटे आकार इथे सुट्या गरजेपुरते घ्या.

कोहिबाबद्दल वेगळं सांगायला हवं. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडांच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या आणि बऱ्याच देशांत त्या दुपटीच्या वर गेल्या. तेव्हापासून त्यांत आकारानुसार किफायत शोधणं मी सोडून दिलं. त्या पैशांत निकाराग्वाच्या एस्तेलीची उत्तम रोबस्टो दोन येतात, आणि तिथली सातत्यपूर्ण बांधणी बघता मला तो व्यवहार चांगला वाटतो. आणि मुंबईत कोणी काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी "मित्राने आणलीय" म्हणून स्वस्तात देऊ लागला तर हात लावू नका. काचेच्या झाकणाची पेटी कंपनी बनवतच नाही. इथे कायदेशीर विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असतो, तो नसेल तर माल आडवाटेने आलेला आहे आणि तो कसा साठवला गेला हे देव जाणे. मोठ्या ब्रँडच्या नावाने मिळणाऱ्या मिनी आणि क्लब या सिगारींशीही तुलना करू नका. त्या यंत्रावर, तुकडा तंबाखूच्या बनतात, तो वेगळाच माल आहे.

साठवणुकीत आकाराचा संबंध येतो तो पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि सिगारला ६५ ते ६९ टक्के पुरते. उघड्या पडलेल्या सिगारी फुगतात, ओढ घट्ट होते, रॅपर तडकतं. बारीक सिगार दोन दिवसांत बिघडते आणि तितक्याच लवकर सावरतेही. साठ रिंगची आतून ओलावली की वरून ठीक वाटते आणि पेटवल्यावर नीट जळत नाही. तिला पुन्हा स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. लाकडी ह्युमिडॉरपेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात ६५ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट, हा आपल्या हवेत भरवशाचा उपाय. डबा घरातल्या सगळ्यांत थंड जागी ठेवा, कारण तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की तंबाखूच्या किड्याची अंडी उबतात आणि पेटीभर सिगारींना टाचणीएवढी भोकं पडतात. नवीन आणलेला माल हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवला की ती भीती जाते.

तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगतो. तुमच्या मालिकेत पेटी कोरोना किंवा कोरोना निघत असेल तर ती एक, एक रोबस्टो आणि एक चर्चिल, अशा तीनच घ्या. गोर्डो सध्या राहू द्या. तिन्ही डब्यात तीन आठवडे एकत्र मुरू द्या, म्हणजे ओलावा सारखा होईल. मग वेगवेगळ्या रविवारी, सारख्याच जेवणानंतर, सारख्याच पेयाबरोबर ओढा. शक्यतो साधं पाणी, कारण कॉफी आणि व्हिस्की दोन्ही चव झाकतात. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भागात काय लागलं ते दोन-दोन ओळी लिहा, आणि खाली ठेवलेला तुकडा मोजपट्टीने मोजा. चर्चिलचा तुकडा पाच सेंटिमीटरच्या वर निघाला तर पुढची पेटी रोबस्टोची घ्या. रोबस्टोपेक्षा कोरोनात रॅपरची चव जास्त आवडली, तर त्याच ब्रँडच्या जाड आकारांवर खर्च करण्याचं कारण उरत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.